काकू, हा कंदील माझा नाही!

वसाहतीच्या आनंदमेळ्यात खाण्याचे स्टॉल सगळेच लावतात. यंदा मुलांच्या हातांना काम देणारा एखादा स्टॉल लावून पाहा. पूर्वतयारी जरा जास्त लागते, हिशोब जपून करावा लागतो आणि स्वतःचे हात आवरावे लागतात. हे शेवटचं सर्वांत कठीण!

दिवाळीआधीचा रविवार. पुण्यातल्या आमच्या वसाहतीच्या मैदानावर आनंदमेळा भरला होता. एकीकडे पावभाजीचा तवा खणखणत होता, दुसरीकडे भेळेसाठी झुंबड उडाली होती आणि मधूनमधून ध्वनिक्षेपकावरून गाड्या हलवण्याच्या सूचना चालू होत्या. या सगळ्या गलबल्यात मी आणि माझ्या तीन मैत्रिणींनी 'आकाशकंदील स्वतः बनवा' अशी पाटी लावून एक टेबल मांडलं होतं.

वडापाव लावणाऱ्या शेजारणीने आधीच सांगून ठेवलं होतं, "अगं, खाण्याचं काही लाव. हातोहात खपेल. कामट्या घ्यायला कोण येणार?" पण साडेपाच वाजता आमच्यापुढे तिच्याहून मोठी रांग होती. आणि सहा वाजता त्या रांगेला बघून मला घाम फुटला होता.

कारण आम्ही प्रत्येक मुलाच्या हातात २४ सुट्या कामट्या आणि दोऱ्याची गुंडी दिली होती. एकेका मुलाला तास तास लागत होता. रांगेतली मुलं कंटाळून आईचा पदर ओढत होती. मग आम्ही काय केलं? जे कुणीही करेल तेच! मुलांच्या हातातून कामट्या घेऊन भराभर गाठी मारू लागलो.

त्या मुलांत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. फारसा बोलत नव्हता, पण तासभर जागचा हलला नव्हता. त्याचा कंदील एका अंगाला चांगलाच कलला होता. तो पाणी प्यायला गेला, तेवढ्यात मी त्याचा तिरका चिकटवलेला कागद सोडवला, सांगाडा सरळ केला, नवा कागद ताणून लावला. दोन मिनिटांचं काम. तो परत आला, कंदिलाकडे पाहिलं, मग टेबलाखाली, मग पुन्हा माझ्याकडे.

"काकू, हा कंदील माझा नाही."

मी म्हटलं, "अरे, तुझाच आहे. मी फक्त जरा नीट केला."

त्याने मान हलवली आणि कंदील न घेताच निघून गेला. त्या दिवाळीत तो कंदील आमच्याच गॅलरीत लागला. दिसायला देखणा होता. येणारा-जाणारा कौतुक करायचा आणि मला प्रत्येक वेळी त्या मुलाचा चेहरा आठवायचा.

इथे विकायचं काय असतं?

मेळ्यातल्या इतर स्टॉलवर गिऱ्हाईक वस्तू विकत घेतं. हाताने करून पाहण्याच्या स्टॉलवर तसं नसतं. तयार कंदील तर कोपऱ्यावरच्या दुकानात आपल्यापेक्षा सुबक मिळतो. आपल्याकडे येणाऱ्या मुलाला घरी जाऊन "हे मी केलं" असं म्हणायचं असतं. ते आपण हिरावून घेतलं, तर त्याच्या हातात उरतो तो महागडा, जरासा वाकडा कंदील!

आपल्या देशात कारागिराला समोर बसवून काम दाखवण्याची प्रथा आता चांगली रुळली आहे. हरयाणात फरीदाबादजवळ सूरजकुंडला १९८७ पासून फेब्रुवारीत हस्तकलेचा मोठा मेळा भरतो. दिल्लीत १९९४ साली दिल्ली हाट सुरू झाली. उदयपूरजवळच्या शिल्पग्राममध्ये डिसेंबरच्या अखेरीस दहा दिवस कारागीर आणि लोककलावंत जमतात. मुंबईत १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवात तर मुलांना प्रत्यक्ष काही करायला देणाऱ्या कार्यशाळांना गर्दी लोटते. कारागिराचं काम बघताना आपण थक्क होतो. पण तीच माती स्वतःच्या बोटांत आली आणि दिव्याची कड तीनदा मोडली, की कुंभाराच्या हाताची किंमत खरी कळते.

हातांनी शिकण्याचं महत्त्व आपल्याला नवं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला, त्यात हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया मानला होता. पुढे आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून मुलांना त्रिकोण-चौकोनांचे सांगाडे करायला शिकवलं. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याच्या त्यांच्या या कामाबद्दल त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा वसाहतीच्या मैदानावरचं आपलं टेबल लहान असलं, तरी त्यामागचा विचार मोठा आहे.

सोपं करा, पण सोपं कुठलं?

पहिल्या वर्षीचा धडा घेऊन पुढच्या वर्षी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पारंपरिक कंदिलाचा सांगाडा म्हणजे सहा चौकोन. एक वर, एक खाली आणि मधले चार कोपऱ्यावर उभे. सहा चौकोनांच्या २४ कामट्या. चौकोन कोपऱ्यांना एकमेकांत बांधले, की १२ सांधे होतात आणि मधल्या मोकळ्या जागांत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. सहा इंची कामट्या घेतल्या तर साडेआठ इंच उंचीचा छोटेखानी कंदील होतो. मुलाच्या हातात मावतो आणि घरी नेताना कुणाच्या डोळ्यात जात नाही.

यातलं मुलाने काय करायचं आणि आपण काय करून ठेवायचं, हा खरा प्रश्न. आमची पहिली कल्पना होती की पूर्ण सांगाडा तयार ठेवावा, मुलांनी फक्त कागद लावावा. पण मग बांधण्याची मजा गेली! शेवटी असं ठरलं : सहाही चौकोन आम्ही बांधायचे, वरचा चौकोन आणि मधले चार एकमेकांना जोडून ठेवायचे आणि खालचा चौकोन सुटा ठेवायचा. म्हणजे १२ पैकी आठ सांधे आमचे, चार मुलाचे. दोरा फुलीसारखा दोनदा फिरवायचा आणि गाठ मारायची. पहिली गाठ सैल बसते, दुसरी जरा बरी, चौथी घट्ट. शिकणं म्हणजे एवढंच की!

चार गाठी झाल्या, की मधल्या चार चौकोनांवर पतंगाचा कागद. आठ त्रिकोणांचे कागद, सोनेरी करंज्या आणि झिरमिळ्या पाकिटात घालून घरी द्यायच्या. यातून दोन गोष्टी साधतात. स्टॉलवरचा वेळ वाचतो आणि दुसऱ्या दिवशी घरी आजी-आजोबांसोबत काम पुढे चालू राहतं.

या कंदिलात एक गंमतही आहे. नुसता सांगाडा वरून दाबला, की पिळवटून खाली बसतो, कारण चौकोनाचे कोपरे हलतात. पण त्याच चौकोनांवर कागद ताणून लावला आणि तो वाळला, की सांगाडा ताठ होतो. फुंकरीने उडणारा कागद बांबूच्या कामट्यांना उभं धरतो! हे मुलांना तोंडाने सांगू नका. आधी दाबून बघायला सांगा, नंतर पुन्हा दाबून बघायला सांगा. त्यांचे डोळेच सांगतात.

आठ वर्षांखालच्या मुलांसाठी याहून सोपा कंदील ठेवा. जाड कागदाची लांबट घडी घालायची. घडीच्या बाजूने बोटाबोटाच्या अंतरावर कात्रीने कापत जायचं, पण समोरच्या कडेला दोन बोटं जागा सोडायची. मग कागद उलगडून गोल गुंडाळायचा आणि चिकटवायचा. वर कागदाची मूठ. दहा मिनिटांत काम फत्ते.

कंदीलच हवा असं नाही. उन्हाळी मेळ्यात भिरभिरं, संक्रांतीच्या सुमारास पतंग, गणपतीआधी शाडूच्या मातीचा छोटा गणपती किंवा उंदीर, भेंडी आणि बटाट्याच्या ठशांनी रंगवलेला रुमाल, गेरूने रंगवलेल्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने वारली चित्र, असं बरंच काही करता येईल. निवडताना मनाशी तीन प्रश्न विचारा. पंधरा-वीस मिनिटांत संपेल का? ओलं असताना घरी नेता येईल का? आणि पहिल्याच खेपेस जमलं नाही, तर दुसरी संधी देण्याइतकं साहित्य परवडेल का? बांधणीचं काम फार सुंदर, पण ओला रंग आणि वाळायला लागणारा वेळ पाहता मैदानावरच्या स्टॉलला ते गैरसोयीचं. थर्माकोलच्या वाटेला तर जाऊच नका. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि २०२२ पासून ती देशभर लागू झाली आहे.

दुपारच्या गाठी

मेळा संध्याकाळी ५ ते ९. आठ मुलांचं एक टेबल आणि प्रत्येक फेरीला २० मिनिटं धरली, तर चार तासांत १२ फेऱ्या, म्हणजे ९६ मुलं. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात पहिला अर्धा तास कुणी फिरकत नाही, सातला बक्षीस समारंभ असतो आणि आठनंतर सगळ्यांना भूक लागते. आम्ही ७० कंदिलांची तयारी केली आणि ती पुरली.

७० कंदील म्हणजे १६८० कामट्या आणि ४२० चौकोन! आम्ही चौघी आठ दिवस दुपारचं जेवण उरकल्यावर आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसायचो. गप्पा मारता मारता गाठी मारायच्या. सासूबाईंनी कागद कापण्याचं काम अंगावर घेतलं. कामटीवरून दुमडायला प्रत्येक बाजूला दोन बोटं कागद जास्त हवा, हे त्यांनीच शिकवलं. त्यांच्या लहानपणी घरोघरी असेच कंदील होत. गव्हाच्या पिठाची खळही त्यांनीच शिजवली, तीही आदल्या रात्री, कारण दोन दिवसांत ती आंबते. पूर्वी खळीत मोरचूद घालत. मुलांच्या हाती द्यायच्या खळीत ते मुळीच घालू नका, ते विषारी असतं.

टेबल मांडतानाही थोडा विचार हवा. गाण्यांच्या आवाजात आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. म्हणून एका पुठ्ठ्यावर कामाच्या चार पायऱ्या क्रमाने खऱ्या वस्तू चिकटवून दाखवा : सुटा चौकोन, बांधलेला कोपरा, लावलेला कागद, तयार कंदील. आणि नमुना म्हणून आपण केलेला अगदी रेखीव कंदील टांगू नका. तो बघून मुलं आधीच बिचकतात. एखाद्या मुलानेच केलेला, थोडा इकडेतिकडे झालेला कंदील टांगा. "हे तर मलाही येईल," असं वाटलं, की मूल आपणहून खुर्ची ओढतं.

कंदील वाळत घालायला कपड्यांची दोरी आणि चिमटे हवेत. प्रत्येक कंदिलाला नंबराची चिठ्ठी, तोच नंबर मुलाच्या पावतीवर. मुलं भेळ खाऊन येतात, आपापला नंबर दाखवून आपापला कंदील घेऊन जातात. अदलाबदल होत नाही. पहिल्या वर्षीच्या त्या मुलानंतर मला या नंबरांचं फार महत्त्व वाटू लागलं होतं.

हात मागे!

दुसऱ्या वर्षी मदतीला कॉलेजच्या चार मुली आल्या. त्यांना मी एकच नियम सांगितला. मुलाच्या हातातली वस्तू आपण घ्यायची नाही. अडलं तर आपल्या हातात वेगळा चौकोन घ्यायचा, त्यावर गाठ मारून दाखवायची आणि पुन्हा सोडायची. काही सुचेनासं झालं तर सरळ हात मागे बांधून उभं राहायचं.

मुलींना ते लगेच जमलं. खरी कसोटी लागली ती आईबाबांची! "अगं असं नाही, दे इकडे," हे वाक्य मी त्या संध्याकाळी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. पालकांना नको म्हणायचं तरी कसं? चिडतात ना! मग एक युक्ती सापडली. हात पुढे करणाऱ्या प्रत्येक आईबाबांना आम्ही हसत म्हणायचो, "तुम्हालाही करायचाय का? घ्या ना, तुमचा वेगळा घ्या." निम्मे लाजून मागे सरायचे. उरलेले खरोखरच बसायचे. एक आजोबा तर नातवाला विसरून स्वतःच्या कंदिलात असे रमले, की नातूच त्यांना म्हणाला, "आबा, तुमची गाठ सैल आहे."

आणि वाकडं झालं तर? होऊ द्या. मुलाने विचारलं, "हा वाकडा झाला का?" तर खोटी स्तुतीही करू नका. "हो, थोडा कललाय. ही गाठ सोडून परत मारायची का?" असं विचारा. काही मुलं परत मारतात. काही म्हणतात, "राहू दे." दोन्ही ठीक. ठरवायचं त्यांनी.

कामट्यांची किंमत

दुसऱ्या वर्षीची आमची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे बुरूड आळीतले एक काका. कामट्या त्यांच्याकडूनच घेतल्या होत्या. सूप, टोपल्या, परड्या विणण्यात त्यांचा जन्म गेला. मी विचारलं, "काका, मेळ्यात येऊन बांबू कसा सोलतात ते दाखवाल का?" ते म्हणाले, "ताई, बसायला जागा द्या आणि दिवसाची मजुरी बुडू देऊ नका. येतो."

हे दुसरं वाक्य प्रत्येक आयोजकाने लिहून ठेवावं. 'तुमची जाहिरात होईल', 'तुमच्या कलेचं कौतुक होईल' असं सांगून कारागिराला फुकट बोलावण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. कौतुकावर चूल पेटत नाही. आम्ही त्यांची दिवसाची पूर्ण मजुरी, येण्याजाण्याचा खर्च आणि कामट्यांचे पैसे असा वेगवेगळा हिशोब ठरवला. त्यांनी सोबत आणलेल्या सुपा-टोपल्यांची विक्री सर्वस्वी त्यांची. मेळ्याच्या समितीत कुणीतरी म्हणालं, "मग त्यांनाही स्टॉलचं भाडं लागेल." थोडी वादावादी झाली. पण जो शिकवायला आला आहे त्याच्याकडून भाडं कसं घ्यायचं, असं विचारल्यावर विषय मिटला.

संध्याकाळी एक गृहस्थ आमच्या दराच्या पाटीपुढे थांबले. "एवढ्याशा काड्यांचे एवढे पैसे?" त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. मी काही बोलायच्या आत काकांनी सुरी आणि बांबूची एक पट्टी त्यांच्यापुढे धरली. "साहेब, एक काढून बघा." साहेब हौशी होते, बसले. पहिली कामटी मध्येच तुटली. दुसरी एका टोकाला सुतळीएवढी, दुसऱ्या टोकाला बोटाएवढी. काका शांतपणे म्हणाले, "गाठ आली की सुरी हलकी धरायची. जोर केला की काडी फुटते." तिसरी कामटी बरी निघाली. साहेबांनी ती खिशात ठेवली आणि दोन कंदिलांचे पैसे देऊन मुलीसोबत टेबलाशी बसले!

दर ठरवण्याची आमची पद्धत अशी : साहित्य, भाडं आणि कारागिराचं मानधन यांची बेरीज करायची. तयारी ७० मुलांची असली तरी भागायचं ५० नेच. कार्यक्रम पूर्ण रंगला तर चार पैसे पुढच्या वर्षासाठी उरतात, नाही रंगला तर खिशाला खार लागत नाही. भाजीपोळी, घरकाम सांभाळून दुपारी मारलेल्या गाठींचा मोबदला आम्ही पहिल्या वर्षी धरलाच नव्हता. दुसऱ्या वर्षी धरला. आपल्या वेळेला आपणच किंमत दिली नाही, तर दुसरं कोण देणार? मोबाइलवर पैसे घेण्याची पाटी लावा, पण सुटे पैसेही ठेवा. मुठीत नोट घेऊन एकटी येणारी मुलं असतातच.

वारा, पाऊस आणि कूस

उघड्या मैदानाचे तीन शत्रू. पहिला वारा. पतंगाचा कागद टेबलावरून उठला, की पतंगासारखाच जातो! प्रत्येक गठ्ठ्यावर धुतलेला गोटा ठेवा. दुसरी कूस. बांबूची बारीक कूस बोटात गेली तर मूल रडतं आणि पालक घाबरतात. कामट्या आधीच पॉलिश पेपरने घासून घ्या, चिमटा आणि जंतुनाशक मलम जवळ ठेवा. धारदार हत्यार फक्त कारागिराच्या जागी, दोरीच्या आत. मुलांच्या टेबलावर बोथट टोकाच्या कात्र्या. कागदाच्या कंदिलात पणती किंवा मेणबत्ती लावायची नाही, छोटा एलईडी दिवाच लावायचा, हे पाकिटावर ठळक लिहा. विजेची वायर पायात येणार नाही अशी उंचावरून न्या.

तिसरा पाऊस. ऑक्टोबरात तो गेला असं समजण्याची चूक आम्ही केली. ढग दिसत होते, ताडपत्री मात्र घरी होती. साडेसात वाजता परतीचा पाऊस असा कोसळला, की बघता बघता मैदान रिकामं झालं. आम्ही टेबल ओढत पार्किंगमध्ये आणेपर्यंत दोरीवरचे ३८ कंदील भिजून चिंब. लाल कागदाचा रंग पिवळ्यावर उतरला, कागद लोंबू लागले आणि सांगाडे मान टाकून बसले. कॉलेजच्या मुलींपैकी एक तर रडायलाच लागली.

काकांनी एक सांगाडा उचलला, झटकला, बोटांनी सगळे कोपरे चाचपले. "गाठी शाबूत आहेत की, ताई. कागद काय, परत लावता येईल."

त्यांचं खरं होतं. आम्ही त्यांचे ठरलेले पैसे त्याच वेळी हातात ठेवले. पावसाचा तोटा कारागिराच्या माथी मारायचा नसतो. मग घरोघरी निरोप दिला : उद्या संध्याकाळी पार्किंगमध्ये या, नंबर आणा, कागद आमचा, पैसे नकोत.

दुसऱ्या दिवशी किती येतील याची मला शंकाच होती. शाळेचा दिवस, फराळाची गडबड. पण सहा वाजल्यापासून हातात चुरगळलेल्या पावत्या घेऊन मुलं येऊ लागली. 'माझा १७', 'माझा २९'. ३८ पैकी ३३ मुलं आली! विकत घेतलेली वस्तू भिजली असती, तर तक्रार घेऊन आली असती. इथे प्रत्येकजण आपला सांगाडा शोधत होता आणि गाठीवरून ओळखत होता. एक मुलगी म्हणाली, "माझी गाठ डावीकडून आहे, बघ."

त्या घोळक्यात तो मुलगाही होता. एका वर्षात बराच उंच झाला होता. आदल्या दिवशीच्या गर्दीत मी त्याला पाहिलंच नव्हतं, मदतनीस मुलींपैकी कुणापाशी तरी बसला असावा. त्याने आपला सांगाडा सरळ धरला, कागदाला खळ लावली आणि अगदी सावकाश ताणून बसवला. तरी कंदील थोडा डावीकडे कललाच. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईचा हात आपसूक पुढे आला. तो काही बोलला नाही, फक्त कंदील घेऊन अर्धी पावली बाजूला सरकला. मी दोन्ही हात मागे बांधून उभी होते.

"काकू, हा वाळायला किती वेळ लागेल?"

"तासभर. नंबर लिहून दोरीला लाव."

"नंबर नको," तो म्हणाला. "मला ओळखू येईल."

त्या दिवाळीत समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कंदील डावीकडे मान कलती करून पहाटेपर्यंत तेवत असायचा. आमच्या गॅलरीतून तो स्पष्ट दिसायचा.

यंदा तुमच्याही वसाहतीत, मंडळात किंवा शाळेच्या मैदानावर मेळा भरेल. खाण्याचे स्टॉल भरपूर असतील. एक टेबल तुम्ही मागून घ्या. कंदील लावा, पणती लावा, भिरभिरं लावा, तुमच्या गावच्या कारागिराला सन्मानाने आणि मोबदल्याने बोलवा. फक्त घरून निघताना आपल्या हातांना एकदा बजावून ठेवा, की आज काम तुमचं नाही!

मेळ्याच्या पिशवीत काय काय हवं?

• प्रत्येक मुलासाठी मोजून भरलेलं साहित्याचं पाकीट आणि वर दहा जादा पाकिटं
• कामाच्या चार पायऱ्या दाखवणारा पुठ्ठा, दराची पाटी, नंबराच्या चिठ्ठ्या
• जाड दोरा, बोथट टोकाच्या कात्र्या, खळ आणि ती लावायला जुने ब्रश
• कपड्यांची दोरी, चिमटे, कागदावर ठेवायला गोटे
• हात पुसायला ओली आणि कोरडी फडकी, पिण्याचं पाणी
• बारीक चिमटा, जंतुनाशक मलम, चिकटपट्टी
• सुटे पैसे, वही-पेन आणि कारागिराच्या मानधनाचं वेगळं पाकीट
• कचऱ्यासाठी गोणपाट, कारण मैदान जसं मिळालं तसंच परत द्यायचं
• आणि आकाश कितीही निरभ्र असो, एक ताडपत्री!